शाळेतील हृदय-विद्युतधक्का यंत्र : सैतामाच्या घटनेचा बोध

जपानमधील सैतामा शहरातील एका प्राथमिक शाळेत २९ सप्टेंबर २०११ रोजी धावण्याच्या सरावानंतर सहावीतील अकरा वर्षांची एक विद्यार्थिनी अकस्मात कोसळली. शिक्षक तत्काळ धावून आले. रुग्णवाहिकाही बोलावण्यात आली. मुलीचा श्वास चालू आहे, असे उपस्थितांना वाटल्याने तिला शाळेच्या आरोग्यकक्षात हलविण्यात आले. अकरा मिनिटांनी रुग्णवाहिका आली, तेव्हा तिचे हृदय बंद पडलेले आढळले. दुसऱ्या दिवशी ती मरण पावली. हृदयाला विद्युतधक्का देणारे यंत्र शाळेत होते. परंतु त्या अकरा मिनिटांत ते वापरलेच गेले नाही.

शाळांना यंत्रे पुरविण्याचा विचार करताना ही घटना प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

यंत्राचे कार्य

हृदयक्रिया अचानक बंद पडते, तेव्हा पुष्कळदा हृदय लगेच निश्चल होत नाही. त्याचे खालचे कप्पे अनियमितपणे थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. मुलांमध्ये हृदयाच्या स्नायूचा जन्मजात विकार किंवा छातीवर जोराने बसलेला चेंडूचा आघात ही याची कारणे असू शकतात. विजेच्या धक्क्याने ही थरथर थांबून हृदयाचा नियमित ठोका पुन्हा सुरू होऊ शकतो. मात्र उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक रुग्ण वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

‘एईडी’ या नावाने ओळखले जाणारे हे स्वयंचलित यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते व गरज असेल तरच धक्का देण्यास सांगते. म्हणूनच जपानने जुलै २००४ पासून सामान्य नागरिकांना ते वापरण्याची मुभा दिली.

फसवा श्वास

हृदय बंद पडल्यानंतरही पहिली काही मिनिटे रुग्ण मधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो. कधी झटकेही येतात. पाहणाऱ्यास ही घेरी किंवा फेफरे वाटते आणि मोलाचा वेळ निघून जातो. सैतामाच्या शिक्षण मंडळाने मुलीच्या पालकांच्या सहभागाने २०१२ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शिका तयार केली. श्वासाविषयी शंका असल्यास हृदय बंद पडले आहे असेच मानून उपचार सुरू करावेत, हे तिचे मुख्य सूत्र आहे.

शिक्षकांनी करावयाची कृती

१. कोसळलेल्या मुलाला मोठ्याने हाक मारून खांद्यावर थोपटावे. प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर एकाने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा व दुसऱ्याने यंत्र आणण्यास धावावे.

२. मुलाला न हलविता तेथेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. मोठ्या मुलांत छाती सुमारे ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. कृत्रिम श्वास देण्याचे शिक्षण नसल्यास केवळ छाती दाबत राहावी.

३. यंत्र सुरू करून त्याच्या सूचना ऐकाव्यात. छाती कोरडी करून चित्रात दाखविल्याप्रमाणे पट्ट्या चिकटवाव्यात. आठ वर्षांखालील मुलांसाठी लहान पट्ट्या नसल्यास मोठ्या पट्ट्यांपैकी एक छातीवर व एक पाठीवर लावावी.

४. धक्का देताना कोणीही मुलाला स्पर्श करू नये. त्यानंतर वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंत किंवा मूल शुद्धीवर येईपर्यंत दाब चालू ठेवावा.

व्यवस्था व देखभाल

इंग्लंडमध्ये २०२३ पर्यंत सुमारे १८,००० शाळांना शासनातर्फे २०,००० हून अधिक यंत्रे देण्यात आली. परंतु यंत्राचा पुरवठा ही कामाची केवळ सुरुवात होय. मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवलेले यंत्र निरुपयोगी ठरते. ते मैदानावरून एक-दोन मिनिटांत आणता येईल अशा जागी असावे. बॅटरी व पट्ट्या यांची मुदत दरमहा तपासून नोंदवहीत लिहावी आणि हे काम एका नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवावे. सुट्टीच्या दिवशीही ते गावकऱ्यांना उपलब्ध व्हावे, यासाठी ग्रामपंचायतीने शाळेशी विचारविनिमय करून व्यवस्था ठरवावी.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. तथापि दुर्गम वाडीवस्तीवर वाहन पोहोचण्यास वेळ लागणारच. तेवढ्या अवधीत मुलाचे प्राण जवळच्या माणसांच्या हाती असतात. यंत्र घेण्याइतका निधी नसलेल्या शाळेलाही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने शिक्षकांना व वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना छातीदाबाचे शिक्षण देता येईल. वर्षातून दोनदा मैदानावर याचा सराव घ्यावा, आणि कोण धावेल, कोण दूरध्वनी करील व कोण दाब देईल हे आधीच ठरवून ठेवावे.