तार ताठ, पंख वाकडा

एस.ई.५ए विमानाचं १/४८ मापाचं मॉडेल मी दोन महिने रोज रात्री थोडं थोडं जोडत होतो. पहिल्या महायुद्धात कोलकात्याचे वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी १९१८च्या जुलैत याच जातीच्या विमानातून १० विजय मिळवले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला, १९व्या वर्षी, ते फ्रान्सवर लढताना पडले. त्यांचं विमान आपल्या हातून नीट व्हावं, अशी फार इच्छा होती. रंग झाला, डेकल बसले, उरल्या फक्त वरच्या-खालच्या पंखांमधल्या तारा.

घरात गळाची तंगूस होती, तीच घेतली. उजव्या बाजूची एकेक तार खेचून सुपरग्लूने चिकटवली आणि झोपलो. सकाळी पाहतो तर वरच्या पंखाचं उजवं टोक तांदळाच्या दाण्याएवढं खाली आलेलं आणि मधल्या एका खांबाचा सांधा उकललेला. तारा कापल्या, तरी पंखाचा पीळ पुरता गेला नाही.

चूक समजुतीतच होती. खऱ्या विमानात धडाच्या तळापासून वरच्या पंखाकडे गेलेल्या तारा उडताना पंखाला वर वाकू देत नाहीत. वरून खाली उतरणाऱ्या तारा जमिनीवर पंखांचं वजन पेलतात. दोन्ही ताण एकमेकांना तोलतात. मॉडेलमध्ये पंख खांबांनीच पेलायचा असतो. तारेने तिथे काहीही ओढायचं नाही, फक्त सरळ दिसायचं.

म्हणून तंगूस नको, मॉडेलसाठी मिळणारा बारीक लवचीक धागा घ्या. तो जेमतेम सरळ होईल एवढाच ताणा. शक्य असेल तर चपटा घ्या, कारण या विमानाच्या तारा गोल नव्हत्या, वारा कापण्यासाठी चपट्या घडवलेल्या होत्या. लावताना मात्र त्याला पीळ पडू देऊ नका. भोकं पंख जोडण्याआधीच पाडून ठेवा. नंतर ड्रिल आत शिरत नाही, जोर केला तर खांब मोडतो. सुरुवात धडाजवळून करा, आणि डावीकडे एक तार झाली की उजवीकडे तिची जोडीदार. सुपरग्लू सुईच्या टोकावर मावेल तेवढाच. जास्त झाला तर त्याच्या वाफेने रंगावर पांढुरकी बुरशीसारखी झाक येते. तार लावून झाली की तिला रात्रभर हात लावू नका. उरलेलं टोक दुसऱ्या दिवशी, नव्या पात्याने, पंखालगत कापा.