आवारातला मुक्काम की बाहेरचे घर?

प्रश्न : नाताळात आम्ही पतिपत्नी, दोन मुले व वृद्ध सासू-सासरे असे सहाजण ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाणार आहोत. आवारातले हॉटेल घेतले म्हणजे पायीच उद्यानात जाता येईल ना?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपला समज स्वाभाविक असला तरी त्यात थोडी गफलत आहे. ज्याला आपण आवार म्हणता, ते सुमारे 100 चौरस किलोमीटरांचे व चार स्वतंत्र उद्यानांचे विस्तीर्ण क्षेत्र असून, कंटेम्पररीसारखी मोजकी महागडी हॉटेले वगळता बहुतेक ठिकाणांहून बसचाच आश्रय घ्यावा लागतो. तेथील पाहुण्यांना उद्यानात अर्धा तास आधी प्रवेश मिळतो ही सवलत खरी. परंतु थंडीच्या सकाळी सासऱ्यांना उठवून ती पदरात पाडून घेणे कितपत सुखाचे, हे आपणच ठरवावे.

शिवाय साधी खोली बहुधा चौघांपुरतीच असते. तेव्हा दोन खोल्या, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या आवारातल्याच हॉटेलातील सहाजणांची कौटुंबिक दालने, किंवा आवाराबाहेर, जवळच्या किसिमी गावाकडील भाड्याचे घर, असा विचार करावा. माझा कौल घराला, कारण दिवसभर रांगांत तिष्ठलेल्या वृद्धांना रात्री गरम वरणभातासारखी दुसरी विश्रांती नाही. मात्र मोटार व वाहनतळाचे शुल्क हिशेबात धरावे, आणि बयाणा देण्यापूर्वी करारातील रद्द करण्याच्या शर्ती व सफाईची आकारणी बारकाईने वाचावी. उद्यानाची तिकिटे, मुक्काम कोठेही असो, निराळीच घ्यावी लागतात. नाताळच्या आठवड्यातील विलक्षण गर्दी पाहता तीही आधीच घेऊन ठेवावीत.