आउटपुट आलं म्हणजे प्रोग्रॅम बरोबर असं नाही

पहिल्या वर्षाच्या मुलांचं सीचं प्रॅक्टिकल घेताना एक प्रसंग हमखास येतो. वर्गमूळ काढायचं असतं. मुलगी एसक्यूआरटीला थेट 16.0 देते, उत्तर 4 येतं. मग तीच संख्या स्कॅनएफने घ्यायला जाते, आणि स्क्रीनवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी'. मॅथ डॉट एच तर वर लिहिलेली असते. ती स्पेलिंग तपासते, हेडर पुन्हा लिहिते, शेवटी कंपायलरच काढून नव्याने टाकते. फरक पडत नाही, कारण दुखणं तिथे नाहीच.

हेडरमध्ये फंक्शनची फक्त ओळख असते: नाव काय, घेतं काय, परत काय देतं. प्रत्यक्ष कोड लायब्ररीत असतो. लिनक्सवर गणिताची लायब्ररी वेगळी मागावी लागते. जीसीसी कंपायलरच्या कमांडला 'हायफन एल एम' जोडायचं, तेही शेवटी. आपला कोड आणि लायब्ररी जोडणारा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि तोवर कोणी न मागितलेली लायब्ररी बहुतेकदा सोडून देतो. मग 16.0 चं उत्तर आलं कसं? स्थिर संख्येचं वर्गमूळ जीसीसीने कंपाइल करतानाच काढून ठेवलं होतं. लायब्ररीपर्यंत जायची वेळच आली नाही.

म्हणून एरर आली की आधी बोलतंय कोण ते बघा, कंपायलर की लिंकर. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' किंवा 'मल्टिपल डेफिनिशन' दिसलं, तर ते लिंकरचं बोलणं. 'एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस' ही शेवटची ओळ काहीच सांगत नाही; खरं कारण तिच्या वरच्या ओळींत असतं. टर्बो सीतलं स्क्रीन पुसणारं सीएलआरएससीआर फंक्शन तर जीसीसीच्या लायब्ररीत नाहीच, ती ओळ सरळ काढून टाका.

मला मात्र एररपेक्षा वॉर्निंगची धास्ती जास्त वाटते. क्षेत्रफळाचं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये, परत देतं डबल, आणि मेनच्या फाइलमध्ये त्याचा प्रोटोटाइप, म्हणजे वर सांगितलेली ओळख, नाही. जुना जीसीसी 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' एवढी वॉर्निंग देऊन ते इंट परत देतं असं गृहीत धरतो. सीमध्ये लिंकर फक्त नाव जुळवतो, प्रकार बघत नाही, तोही गप्प. प्रोग्रॅम चालतो आणि भलताच आकडा छापतो. मुलं मग तासभर सूत्र तपासत बसतात. ही सवलत सीच्या 1999 च्या मानकातून गेली होती. जीसीसीने 2024 च्या 14 व्या आवृत्तीत तिला एरर केलं. लॅबमधले कंपायलर बहुतेक त्याआधीचे असतात.

तेव्हा कंपाइल करताना 'हायफन डब्ल्यू ऑल' आणि 'हायफन डब्ल्यू एक्स्ट्रा' कायम लावा. सगळ्यात वरची वॉर्निंग आधी सोडवा, पुन्हा कंपाइल करा. खालच्या निम्म्या बऱ्याचदा आपोआप जातात. आणि एकही वॉर्निंग शिल्लक असताना जर्नलमध्ये आउटपुट उतरवू नका.