अकरा किलोची तलवार

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वसतिगृहात एक नवा खेळ आला. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीचा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याने तो तिला शिकवला आणि तिने आम्हांला. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. चार-पाच जणी गोल करून बसतात. एक जण गोष्ट सांगते. बाकीच्या त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. 'मी दार ढकलते', 'मी राक्षसावर वार करते' असे म्हणायचे आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा मोठा पडला तर वार लागला. तो किती मोठा पडायला हवा, हे समोरच्याच्या अंगावर कोणते चिलखत आहे यावरून ठरते. म्हणजे या खेळात चिलखतांचे आणि हत्यारांचे कोष्टक हे बाजारातल्या दरपत्रकासारखे सतत हाताशी लागते.

मी योद्धा झाले. जवळ सोन्याची नाणी थोडी, म्हणून सर्वांत स्वस्त चिलखत घेतले, 'पॅडेड आर्मर'. किंमत पाच नाणी. हे कापडाच्या थरांचे, टाके घालून शिवलेले असते. पुढे एका गुहेत आम्हांला चोरपावलांनी जायचे होते, तेव्हा गोष्ट सांगणारी म्हणाली, "तुला दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा घ्यावा लागेल. तुझ्या चिलखताचा आवाज होतो." मी म्हणाले, "गोधडीचा कसला आवाज?" सगळ्या हसल्या. नियमांच्या पुस्तकात तसेच लिहिले होते. चोर झालेल्या मैत्रिणीच्या अंगावर चामड्याला धातूच्या टिकल्या ठोकलेले चिलखत होते, त्याचा मात्र आवाज होत नाही!

त्या रात्री कुतूहलाने मी या खेळाची जुनी पुस्तके चाळली. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्याआधी १९७१ मध्ये गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह 'चेनमेल' नावाचे नियम प्रसिद्ध केले होते. ते लहान लहान पुतळ्यांच्या फौजा मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्यासाठी होते. तेव्हा या खेळाचा जन्मच मुळी इतिहासाच्या आवडीतून झालेला आहे. १९७८ च्या पुस्तकात हत्यारांची भली मोठी यादी आहे. तीत दोन हातांनी धरायच्या तलवारीपुढे वजन लिहिले आहे २५० नाणी, आणि दहा नाण्यांचा एक पौंड. म्हणजे २५ पौंड, अर्थात ११ किलोंहून थोडे अधिक.

मी लोहाराची मुलगी आहे. महाविद्यालयात वडील काय करतात असे कोणी विचारले, तर मी आजवर 'शेतीच्या अवजारांचे काम' असे मोघम सांगत आले. आमच्या घरी विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी होतात. आबा सांडशीत लोखंड धरतात आणि आई घण मारते. मी शाळेत असेपर्यंत भाता ओढत असे. आता विजेचा पंखा आहे. सुट्टीत घरी गेल्यावर मी आबांना विचारले, "आबा, अकरा किलोची तलवार असते का?"

ते म्हणाले, "आन् ती फिरवायची कुणी?"

आई चुलीपुढून म्हणाली, "आपला घण पाच किलोच्या आतला हाय. दहा घाव घातले की दम खावा लागतो. त्यात घण खाली पडताना आपल्याच वजनानं पडतो. तलवार पुन्हा वर कोण उचलणार?"

एवढ्याने इतिहास सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. पण युरोपातील संग्रहालयांत ज्या खऱ्या तलवारी आहेत, त्यांची वजने आईच्या बाजूने आहेत. एका हाताची मध्ययुगीन तलवार साधारण एक ते दीड किलोची असते. दोन हातांची युद्धातली तलवार दोन ते साडेतीन किलोंपर्यंत जाते. याहून जड तलवारी आहेत, पण त्या मिरवणुकीत पुढे धरून चालण्याच्या. खेळाच्या कर्त्यांवर अन्याय नको म्हणून सांगते : १९७९ च्या पुस्तकात असा खुलासा आहे की, हे आकडे निव्वळ वजनाचे समजू नयेत, वस्तू बाळगायला किती अवघड हेही त्यांत धरले आहे. तरी 'वजन' या शब्दाखाली आकडा छापला की वाचणारा तो वजन म्हणूनच वाचतो. पुढच्या आवृत्त्यांत ही तलवार हळूहळू रोडावत गेली. २००० साली १५ पौंड, २००३ साली ८, आणि २०१४ साली ६ पौंड. म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास. इतिहासाजवळ यायला तिला ३६ वर्षे लागली.

कोणी म्हणेल, ज्या खेळात आग ओकणारे राक्षस आहेत त्यात तलवारीच्या वजनाची एवढी चिकित्सा कशाला? मीही आधी असेच म्हणत होते. पण राक्षस खोटा आहे हे खेळणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. कोष्टकातला आकडा मात्र खरा वाटतो. आमच्यापैकी तिघींनी मध्ययुगीन युरोपाबद्दल जे काही शिकले ते या कोष्टकातूनच.

आता त्या आवाज न करणाऱ्या चामडी चिलखताकडे येते, कारण त्याची गोष्ट मला सर्वांत मनोरंजक वाटली. असे चिलखत, म्हणजे नुसत्या चामड्यावर टिकल्या ठोकलेले, मध्ययुगीन युरोपात वापरात होते याला आधार मिळत नाही. मग ते यादीत आले कसे? जुन्या चित्रांत आणि समाध्यांवरील पुतळ्यांत योद्ध्यांच्या अंगरख्यावर टिकल्यांच्या रांगा दिसतात, हे खरे. पण त्या टिकल्या म्हणजे रिबिटांची डोकी आहेत. अंगरख्याच्या आतल्या बाजूला लोखंडी पट्ट्या जडवलेल्या असत आणि त्या धरून ठेवणारी रिबिटे तेवढी बाहेरून दिसत. चित्र पाहणाऱ्याला कापड दिसले, टिकल्या दिसल्या. लोखंड दिसले नाही. आमच्या कोयत्याच्या मुठीवरची दोन रिबिटे पाहून 'हे लाकूड दोन टिकल्यांनी शोभिवंत केले आहे' असे म्हणण्यापैकीच हे आहे.

खऱ्या अंगरख्यांचा पुरावा बाल्टिक समुद्रातील गॉटलँड बेटावर मिळाला. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या फौजेने व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. उन्हाळ्याचे दिवस, प्रेते फार. त्यामुळे पुष्कळांना अंगावरच्या चिलखतासकट सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले. विसाव्या शतकात ते खड्डे खणले, तेव्हा हजारांहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. बेंग्ट थॉर्डेमन यांनी त्यांचा अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. कापड कुजून गेले होते, पण आतल्या पट्ट्या ओळीने तशाच होत्या. पायांच्या हाडांवर घाव पुष्कळ आहेत. मेलेल्यांत म्हातारे होते, कोवळी पोरे होती, पंगू माणसेही होती. त्यांच्या जुनाट अंगरख्यांमुळे आज आपल्याला हे चिलखत नीट कळते. हे वाचताना मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

चित्र पाहून फसण्याची ही खोड खेळाच्या कर्त्यांची नव्हे, त्याहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल रश मेरिक नावाचे विद्वान होऊन गेले. पेशाने वकील. त्यांनी १८२४ मध्ये चिलखतांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि या विषयाचा शिस्तीने अभ्यास त्यांच्यापासून सुरू झाला असे मानतात. त्यांचे ऋण मोठे आहे, पण एक घोटाळाही त्यांच्याकडून झाला. लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेले जाळीचे चिलखत कोणी चितारायचे म्हटले तर प्रत्येक कडी काढणे अशक्य. म्हणून एका चित्रकाराने मोठी वर्तुळे काढली, दुसऱ्याने जाळीच्या रेघा, तिसऱ्याने आडवे पट्टे. मेरिक यांनी प्रत्येक तऱ्हेला चिलखताचा वेगळा प्रकार मानून वेगवेगळी नावे दिली. आजचे बहुतेक अभ्यासक ही सगळी एकाच जाळीची चित्रे समजतात. खेळाच्या यादीतले 'रिंग मेल' आणि 'बँडेड मेल' हे प्रकार या वर्गीकरणाचे वंशज होत. 'प्लेट मेल' हा शब्द तर आणखी गमतीचा आहे. 'मेल' हा शब्द मुळात जाळीच्या विणीचा वाचक, म्हणून 'प्लेट मेल' म्हणजे 'पत्र्याची जाळी' !

आणि आता माझी गोधडी. खेळाच्या कोष्टकात ती सर्वांत खालच्या पायरीवर आहे, पण इतिहासात तिची पत बरीच वरची होती. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११८१ मध्ये हुकूम काढून कोणी कोणती शस्त्रे बाळगावीत हे ठरवले. सरदाराने कडीचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला बाळगावा; नगरवासी आणि सामान्य स्वतंत्र माणूस यांनी शिवलेले कापडी चिलखत, लोखंडी टोपी आणि भाला बाळगावा. म्हणजे फौजेतील सामान्य माणसाच्या अंगावर हेच होते. श्रीमंतसुद्धा ते कडीच्या चिलखताखाली घालत, कारण कड्यांनी धार अडते, पण घावाचा मार अंगात जातोच. (खेळाच्या २०१४ च्या पुस्तकात कडीच्या चिलखताखाली असा थर असतो हे नमूद आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.) पंधराव्या शतकात फ्रान्सचा अकरावा लुई याने आपल्या सैनिकांच्या कापडी अंगरख्याला तीस, निदान पंचवीस थर असावेत आणि त्यावर सांबराच्या जातीच्या हरणाचे कातडे असावे असे ठरवून दिले. कापड नवे नको, वापरून मऊ झालेले चांगले, असेही त्यात आहे. माझ्या आजीने हे ऐकले असते तर तिला त्यात नवल वाटले नसते. तीही गोधडीला जुनेरच घालते.

जड लोखंडी पत्र्यांच्या पूर्ण चिलखताबद्दलही एक समज आहे. ते घातले की माणूस हलूच शकत नाही, त्याला दोर-कप्पीने घोड्यावर चढवावे लागते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' चित्रपटात असे दृश्य आहे, पण त्याला ऐतिहासिक आधार नाही. लढाईचे पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोंचे असे आणि ते सर्व अंगावर वाटलेले असे. फ्रान्सचा सेनापती बूसिको चिलखत घालून कोलांटी मारत असे, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. मात्र उलट टोकालाही जाऊ नये. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चिलखत घालून सरकत्या पट्ट्यावर चालणाऱ्यांना नेहमीच्या दुपटीहून अधिक शक्ती खर्चावी लागली. पायांवरचे लोखंड दर पावलाला उचलावे लागते, हे त्याचे एक कारण. डोक्यावर हंडा घेऊन चालणे आणि पायांत बेडी घालून चालणे यांत जो फरक, तोच हा.

अशा चिलखतावर तलवारीचा वार करून उपयोग नसे. जुन्या जर्मन युद्धग्रंथांतील चित्रांत योद्धे तलवारीचे पाते मधोमध हाताने धरून टोक सांध्यात खुपसताना दिसतात. काही तर पाते धरून मुठीकडच्या बाजूने हातोड्यासारखे ठोकतात. १९७८ च्या पुस्तकात कोणते हत्यार कोणत्या चिलखतावर किती चालते याचे एक लांबलचक कोष्टक होते. खेळणाऱ्यांना त्याचा कंटाळा आला आणि पुढे ते गेले. मला वाटते ते जाणेच योग्य होते. दर वाराला दोन कोष्टके पाहायची असतील तर आमची गुहा अजून संपली नसती. सोपेपणासाठी सत्याला मुरड घालावी, त्याला माझी हरकत नाही. पण गोधडीला आवाज फोडल्याने खेळ कुठे सोपा झाला?

याच्या उलट प्रयत्न झेकियातील एका कंपनीने २०१८ मध्ये केला. 'किंगडम कम : डेलिव्हरन्स' हा संगणकावरचा खेळ १४०३ सालच्या बोहेमियात घडतो. त्यात राक्षस नाहीत. आधी कापडी थर, मग कडी, मग पत्रा, असे एकावर एक घालावे लागते. त्याचा नायक लोहाराचा मुलगा आहे. आमच्या वसतिगृहातल्या संगणकावर तो चालत नाही, म्हणून मी त्याची चित्रफीतच काय ती पाहिली. ऐरणीवरचा आवाज बरा साधला आहे.

सुट्टीनंतर आम्ही पुन्हा बसलो. मी सगळे सांगितले. आबांचे काम काय तेही सांगितले. दोन नियम बदलले. कापडी चिलखताचा आवाज होत नाही, आणि टिकल्यांच्या चिलखताला आत पट्ट्या आहेत, म्हणून त्याचे वजन वाढले. चोर झालेली मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गोष्ट सांगणारीने मात्र पुढच्या गावात एक लोहार घातला आणि मला म्हणाली, "तुझ्या आबांना विचार ना, तलवारीला पाणी कसं देतात?"

मी फोन केला. आबा म्हणाले, "तलवार म्या कधी केली न्हाई. विळ्याचं इचारत असशील तर सांगतो. वही घे."