पाहणाऱ्याची साक्ष : झटका, कंप आणि पायांतील दुर्बलता



कांहीं वर्षांपूर्वीं भूगोलाच्या तासाला आमच्या वर्गांतील एक मुलगा बांकावरून एकाएकीं कोसळला. त्याचे हातपाय झडूं लागले, डोळे फिरले, तोंडास फेंस आला. कोणी त्याच्या नाकाशीं चामड्याचा जोडा धरला, कोणी कांदा आणावयास धांवला. आणि वर्गांतील शहाणे म्हणून उभे असलेले आम्ही त्याच्या दांतांत चमच्याची दांडी घालूं लागलों. त्या झटापटींत बिचाऱ्याच्या दांताचा टवका उडाला. सायंकाळीं डॉक्टरांनीं आम्हांस विचारलें, "झटका कोठून सुरू झाला? किती वेळ टिकला? शुद्धीवर आल्यावर कोणता हात लुळा होता?" एकाही प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. त्याच्या शेजारीं बसणारा मुलगा मात्र भीत भीत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आधीं त्याचा उजवा आंगठा उडूं लागला, मग हात, मग तोंड." डॉक्टर म्हणाले, "बाळ, तूं माझें निम्में काम केलेंस."

तें निम्में काम कोणतें, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हालवितो आणि उजवा भाग डावी बाजू, हें आपण शरीरशास्त्रांत शिकतों. आंगठा, हात, तोंड, पाय यांस मेंदूच्या पृष्ठभागावर ज्याची त्याची जागा नेमलेली असते. एके ठिकाणच्या पेशींत विद्युत्प्रवाहाचा अनावर भडका उडाला, कीं त्या जागेचा अवयव झटके देऊं लागतो. तो वणवा सर्वत्र पसरला, कीं शुद्ध हरपते. लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनीं इ. स. १८७० च्या सुमारास, झटका आंगठ्यापासून दंडाकडे व तोंडाकडे कसा चढतो हें बारकाईनें पाहूनच मेंदूंतील ही वाटणी ताडली. १८७० सालींच बर्लिन येथें फ्रिट्श व हिट्झिग यांनीं कुत्र्याच्या मेंदूस विद्युत्प्रवाह लावून विरुद्ध बाजूचे पाय हालविले, आणि त्या तर्कास प्रयोगाचें पाठबळ मिळालें.

आंकडी हें लक्षण आहे. तिचीं कारणें पुष्कळ. डोक्यास मार, मेंदुज्वर, मेंदूंतील गांठ, रक्तांतील साखर उतरणें, जन्मसमयीं श्वास कोंडणें, अशीं अनेक. आमच्या विद्यार्थ्याचा उजवा आंगठा उडाला, म्हणून डॉक्टरांनीं मेंदूच्या डाव्या भागाचा संशय घेतला, आणि मेंदूच्या छायाचित्रांत नेमकें तेथेंच पट्टकृमीच्या अळीचें लहानसें कोष्ठ दिसलें. या कृमीचीं अंडीं माणसाच्या विष्ठेंतून मातींत व पाण्यांत मिसळतात आणि न धुतलेल्या भाजीबरोबर व अस्वच्छ हातांनीं पोटांत जातात; म्हणून मांसास न शिवणाऱ्या घरींही हा विकार होतो. नियमित औषधें घेऊन तो मुलगा बरा झाला.

कंपाचेंही तसेंच. इ. स. १८१७ मध्यें लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनीं कंपवातावर एक लहानसा प्रबंध लिहिला. त्यांत वर्णिलेले रोगी अवघे सहा, आणि त्यांतील कांहींजण तर केवळ रस्त्यांत दिसलेले. तरी तें वर्णन आजही उपयोगीं पडतें. या रोगांत हात मांडीवर स्वस्थ असतां थरथरतो आणि पेला उचलतांना कंप बहुधा कमी होतो. चाल मंदावते, अक्षर बारीक होत जातें. याच्या उलट, कांहीं घराण्यांत पिढीजात कंप असतो. तो कप धरतांना किंवा सही करितांना प्रकट होतो. बोट वस्तूजवळ नेतांना वाढणारा कंप लहान मेंदूचा दोष सुचवितो. थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक व कांहीं औषधें यांनींही हात कांपतो. म्हणून 'हात कांपतो' एवढेंच न सांगतां केव्हां कांपतो तें सांगावें.

पायांतील दुर्बलतेचा उगम तर पायांपासून फार दूर असूं शकतो. एका बाजूचा हातपाय एकाएकीं गळाला व तोंड वांकडें झालें, तर मेंदूच्या रक्तवाहिनीचा घात समजून त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. दोन्ही पाय ताठरले, कमरेखालीं बधिरता आली, लघवीवरील ताबा सुटला, तर दोष बहुधा कण्यांतील मज्जारज्जूचा. आपल्याकडे त्याचें एक कारण कण्याचा क्षय होय, आणि वेळीं ओळखल्यास त्यावर चांगले उपचार आहेत. पावलांपासून दिवसागणिक वर चढणारी दुर्बलता निराळी. इ. स. २०२५ च्या जानेवारींत पुणें परिसरांत गियाँ-बारे विकाराची जी लाट आली, तींत हेंच दिसलें. दूषित अन्नपाण्यांतील जंतूंशीं झुंजणारें शरीराचें रक्षकदळ अशा वेळीं स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतें. शिवाय, पायांची जागा मेंदूच्या माथ्यावर मध्यभागीं असल्यानें तेथें गांठ झाली, तर पाय दुर्बल होतो व त्याच पायास झटकेही येतात. तेव्हां अनेक लक्षणें एकत्र दिसल्यास प्रथम काय झालें, मग काय झालें, हा क्रम नीट सांगावा. निदान डॉक्टरांनीं करावें.

आतां कर्तव्याविषयीं. कोणास आंकडी आली तर जवळच्या टणक वस्तु दूर कराव्या, डोक्याखालीं मऊ कापड ठेवावें, गळ्याची गुंडी सोडावी व त्यास कुशीवर वळवावें. हातपाय दाबून धरूं नये. तोंडांत चमचा, बोट वा पाणी कांहींही घालूं नये. घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका न थांबला किंवा शुद्ध येण्यापूर्वीं दुसरा आला, तर तात्काळ रुग्णालयांत न्यावें. जोडा व कांदा यांनीं झटका थांबत नाहीं. तो बहुधा आपोआपच ओसरतो, आणि त्याचें श्रेय जोड्यास मिळतें.

आणखी एक. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. हिपॉक्रेटिसच्या परंपरेंतील एका ग्रंथानें सुमारें २४०० वर्षांपूर्वींच त्याचें मूळ मेंदूंत असल्याचें सांगितलें. आपल्या हिंदु विवाह कायद्यांतून अपस्माराची अडचण १९९९ सालीं काढून टाकण्यांत आली. मनांतून ती काढण्याचें काम अद्यापि आपणांकडे आहे. तो मुलगा शाळेंत परतला, त्या दिवशीं कित्येकांनीं आपला बांक दूर सरकविला. आंगठा पाहणारा मात्र त्याच्याच शेजारीं जाऊन बसला. मित्रहो, आमच्या हातून उडालेला दांताचा टवका आम्ही भरून देऊं शकत नाहीं. म्हणून हा धडा तुमच्या हातीं देतों. घाबरूं नका, नीट पाहा, आणि पाहिल्यावर जवळ बसा.