यांत्रिक नौकेसाठी बॅटरीची निवड

जाळी लावून नौका रात्रभर नांगरावर उभी असते. दिवे, बिनतारी संदेशयंत्र व मासे शोधण्याचे यंत्र बॅटरीवर चालतात. पहाटे वारा वाढतो, तांडेल कळ फिरवितो; परंतु इंजिन चालू होत नाही. किनारा खडकाळ असल्यास हा प्रसंग जिवावरचा ठरतो. अशा वेळी दोष बहुधा इंजिनाचा नसून बॅटरीच्या निवडीचा असतो.

शिसे व गंधकाम्ल यांच्या बॅटऱ्या दोन प्रकारच्या असतात. इंजिन चालू करावयाच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. त्यामुळे ती काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. मात्र ती वारंवार खोलवर उतरविल्यास प्लेटांवरील द्रव्य झडून ती लवकर निकामी होते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे डीप सायकल बॅटरीत, प्लेटा जाड असतात. ती थोडा प्रवाह अनेक तास देते व वारंवार उतरणे सहन करते. म्हणून इंजिनासाठी पहिली व दिव्यांसाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र बॅटऱ्या ठेवणे हितावह होय. दोरीने ओढून चालू होणाऱ्या लहान इंजिनास पहिलीची गरज नाही.

दुसऱ्या बॅटरीचे आकारमान हिशेबाने ठरवावे. बारा व्होल्टवरील २४ वॅटचे दिवे २ अँपिअर घेतात. इतर यंत्रे १ अँपिअर घेत असल्यास १० तासांत ३० अँपिअर-तास खर्च होतात. बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये; म्हणून किमान ६० व झीज धरून ७५ ते ८० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी.

पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली असे समजावे. उतरलेली बॅटरी त्वरित भरावी. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीतील प्लेटा उघड्या पडू देऊ नयेत व तीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. समुद्राचे पाणी आत गेल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. भरताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जागा हवेशीर असावी व जवळ विडी पेटवू नये.

दोन्ही बॅटऱ्या एकाच इंजिनावर भरता येतात; परंतु रात्री त्या स्विचने अलग कराव्यात. दिव्यांची बॅटरी संपली तर अंधार होईल. इंजिनाची शाबूत असेल तर नौका घरी परतेल.