शास्त्राभ्यास : बेथेल, देवाचे घर कोणाचे?

वाचन : उत्पत्ती २८:१०-२२, १ राजे १२:२६-३३, आमोस ७:१०-१७



उस्मानपुऱ्यातील आमच्या अभ्यासवर्गात या तिमाहीत आपण ‘बेथेल’ हे नाव घेतले. मंडळ्या, शाळा, वसतिगृहे, अगदी घरांच्या पाट्यांवरही हे नाव दिसते. ‘बेथ’ म्हणजे घर आणि ‘एल’ म्हणजे देव. अर्थ सोपा आहे, पण पवित्र शास्त्रात या नावाचा प्रवास सोपा नाही.

१. वाटसरूचे बेथेल. याकोब भावाच्या भीतीने घर सोडून हारानकडे निघाला होता. रात्र झाली, तेव्हा धोंडा उशाला घेऊन तो उघड्यावर झोपला. तेथे देवाने त्याला दर्शन दिले आणि तो जाईल तेथे सोबत राहण्याचे वचन दिले. त्या जागी ना मंदिर होते, ना याजक. गावाचे आधीचे नाव लूज होते आणि शास्त्राने तेही पुसले नाही, नोंदवून ठेवले.

२. दक्षिणेचे बेथेल. दाविदाने लुटीतील वाटा ज्या गावांच्या वडिलांना पाठवला, त्यांत बेथेलचे नाव आहे (१ शमुवेल ३०:२७). हे दक्षिणेकडचे वेगळे गाव. एकाच नावाची दोन गावे आपल्याकडेही असतात.

३. राजाचे बेथेल. लोकांनी यरुशलेमेस जाऊ नये म्हणून यराबामाने बेथेल व दान येथे सोन्याची वासरे ठेवली. पुढे गरिबांना जोड्याच्या मोलाने विकणाऱ्यांविरुद्ध आमोस बोलला, तेव्हा अमस्या याजकाने त्याला हाकलले. कारण काय? हे राजाचे पवित्रस्थान आहे! देवाच्या घरातून देवाचाच निरोप बाहेर घालवला गेला. होशेयाने तर शेजारच्या गावाचे नाव वापरून त्याला ‘बेथ-आवेन’, म्हणजे अधर्माचे घर, म्हटले. शेवटी योशीया राजाने तेथील वेदी मोडली.

४. मराठवाड्याचे बेथेल. आपल्यापासून साठेक किलोमीटरवर जालना आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, ख्रिस्ती लोकांचे एक गाव वसवले. त्याचे नाव त्यांनी बेथेल ठेवले. ते स्वतः ब्राह्मण घरातले होते. पण तेथे आलेल्यांत गावकुसाबाहेर राहावे लागणारी मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ज्यांना इतरांच्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या वस्तीला ‘देवाचे घर’ म्हणणे, ही त्या काळी मोठी साक्ष होती.

आता आपल्या सेवेकडे पाहू. दिवाळीनंतर कन्नड, सोयगावकडील कितीतरी भिल्ल कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि फडाशेजारी कोपीत राहतात. मुले सोबत गेली की शाळा सुटते. म्हणून गावातच मुलांची राहण्याची सोय करावी, असा आपला प्रयत्न असतो. अशा एखाद्या घराला ‘बेथेल’ नाव द्यावे, असे काही हितचिंतक सुचवतात. सूचना प्रेमाची आहे. पण मला वाटते, पाटी लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. वस्तीचे जुने नाव आपण जपतो का? आणि तेथील आईबाप आपल्याला कडू बोलले, तर आपण ऐकतो की अमस्याप्रमाणे त्यांना बाहेरचा रस्ता दाखवतो?

प्रभू येशूने नथनेलाला सांगितले की देवदूत मनुष्याच्या पुत्रावर चढताना व उतरताना दिसतील (योहान १:५१). याकोबाच्या शिडीची जागा आता कोणत्याही एका गावाकडे नाही, ती ख्रिस्ताकडे आहे. म्हणून कोपीसुद्धा बेथेल होऊ शकते, आणि सुंदर इमारत बेथ-आवेन.

मननासाठी :
१. आपल्या मंडळीत आमोसाला बोलायला जागा आहे का?
२. बेथेल येथे याकोबाने दशमांशाचा नवस केला. आपल्या दानातून या हंगामात कोणत्या वाटसरूला आसरा मिळेल?

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्या नावाची पाटी आमच्या दारावर असो वा नसो, तुझी सोबत आमच्या घरात असू दे. आमेन.